नलारबॉर पार करायचंय: डिझेलचे कॅन किती लागतील?

रानजाई
ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडहून नलारबॉरच्या मैदानातून पर्थला कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन जायचं ठरतंय. आम्ही दोघं आणि साताऱ्याहून येणारे सासू-सासरे, म्हणजे चार मोठी माणसं. गाडी डिझेलची, टाकी ८० लिटर, ओढण्याची क्षमता ३.५ टन. कॅरॅव्हॅन २१ फुटी, दोन ॲक्सलची, एटीएम (भरल्यावरची वजनमर्यादा) २७०० किलो.

सेडूना ते नॉर्समन या सुमारे १२०० किलोमीटरचीच काय ती धास्ती आहे. डिझेलचे किती कॅन घ्यावेत? कुणी दोन म्हणतं, कुणी चार. पाणी किती? सेडूनातून निघाल्यावर किती दिवस धरावेत? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

मैलकुली
आधी अंतरं लिहितो, म्हणजे निम्मी धास्ती जाईल. सगळी किलोमीटरमध्ये आणि अंदाजे: सेडूना ते पेनाँग ७३, पेनाँग ते नंड्रू ७८, नंड्रू ते नलारबॉर रोडहाऊस (हायवेवरचा पंप, खानावळ आणि मुक्कामाचा थांबा) १४५, तिथून बॉर्डर व्हिलेज १८५, पुढे यूक्ला १२, मंड्राबिला ६६, मदुरा ११६, कॉकलबिडी ९२, कायगूना ६५, बॅलडोनिया १८२, नॉर्समन १९२.

म्हणजे दोन पंपांमधलं सगळ्यात मोठं अंतर २०० च्या आत आहे. तुमची गाडी कॅरॅव्हॅन ओढताना १०० किलोमीटरला १७ लिटर पीत असेल तर ८० लिटरात ४७० किलोमीटर जाते. हा रस्ता, म्हणजे आयर हायवे, पूर्ण डांबरी आहे, शेवटचा तुकडा १९७६ सालीच झाला. एकही कॅन नको.

वाऱ्यावरचीवरात
मैलकुलींची अंतरं बरोबर आहेत, पण १७ लिटर हा आकडा वारा नसतानाचा आहे. ऑगस्ट म्हणजे तिथला हिवाळा, तेव्हा बऱ्याचदा पश्चिमेकडचा वारा असतो आणि तुम्ही नेमक्या पश्चिमेला चालला आहात. २१ फुटी कॅरॅव्हॅनचा पुढचा भाग म्हणजे भिंतच. समोरून ३०–४० किलोमीटर वेगाचा वारा असेल तर तीच गाडी २१–२२ लिटरवर जाते, म्हणजे एका टाकीत ३६० किलोमीटर. तरीही पोचाल, पण हिशोब या आकड्याने करा.

उपाय दोन. वेग ९० च्या आसपास ठेवा. ११० आणि ९० मध्ये डिझेल जेवढं कमी-जास्त लागतं, तो फरक तिथल्या रोडहाऊसच्या दरात चांगलाच जाणवतो. आणि आदल्या रात्री हवामान खात्याचा वाऱ्याचा नकाशा बघा. उद्या जोराचा पश्चिमी वारा आणि परवा उत्तरेचा असं दिसलं तर एक दिवस थांबणं स्वस्त पडतं. वारा बहुधा दुपारी वाढतो, म्हणून सकाळी उजाडल्यावर निघून दोनपर्यंत गाडी लावायची.

खडीसाखर
वाचतेय. धागा वाचनखुणेत साठवला.

तराजू
डिझेलपेक्षा मोठा प्रश्न अजून कुणी काढलाच नाही: वजन. या रस्त्यावर कॅरॅव्हॅन उलटतात त्या बहुतेक वेळा चुकीच्या भारामुळे. अंतराचा त्यात काही दोष नसतो.

एटीएम म्हणजे कॅरॅव्हॅनचं भरल्यावरचं जास्तीत जास्त वजन. समजा रिकामी २२०० किलोची आहे. मग तुमच्या हातात ५०० किलो. पाण्याच्या दोन टाक्या मिळून १८० लिटर म्हणजे १८० किलो. नऊ किलोची दोन गॅस सिलिंडरं भरलेली, लोखंडासकट जवळपास ४० किलो. राहिले २८०. त्यात बाहेरचा मांडव, बॅटरी, अंथरुणं, भांडी, खुर्च्या, चार माणसांचे कपडे. हे पटकन संपतात.

आता गाडीकडे या. "३.५ टन ओढते" हा जाहिरातीचा आकडा, एकट्याने काही सांगत नाही. उदाहरण घेऊ: गाडी स्वतः २२०० किलो, जास्तीत जास्त ३००० पर्यंत भरता येते. म्हणजे ८०० किलो मिळाले. पण कॅरॅव्हॅनचा हिचवर (गाडीमागच्या जोडणीवर) पडणारा भार, म्हणजे टो बॉलवरचं वजन, गाडीच्या खात्यात मोजतात. ते कॅरॅव्हॅनच्या साधारण दहा टक्के धरा: २७० किलो. राहिले ५३०. चार माणसं २८०. उरले २५०, त्यात बुलबार (गाडीपुढचा संरक्षक लोखंडी दांडा), छतावरचा कॅरियर, फ्रीज. मागे चार कॅन डिझेल ठेवलंत की जवळजवळ ८० किलो आणखी, तेही मागच्या ॲक्सलवर. गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळूनची मर्यादा, जीसीएम, वेगळी बघायची.

निघण्याच्या आठवडाभर आधी पूर्ण भरलेल्या अवस्थेत, माणसांसकट वजनकाट्यावर न्या. आधी गाडी एकटी, मग जोडलेली, मग कॅरॅव्हॅन एकटी. अंदाज करू नका.

बोरीबाभळी
तराजूंना पूर्ण अनुमोदन. भार कुठे ठेवला हेही तितकंच महत्त्वाचं. जड वस्तू ॲक्सलच्या वर आणि खाली जमिनीलगत. दोन सायकली, दोन स्टेपन्या आणि हत्यारांची पेटी मागच्या बंपरवर टांगली की टो बॉलवरचा भार कमी होतो आणि कॅरॅव्हॅन लंबकासारखी डुलायला लागते. रोड ट्रेन (दोन किंवा जास्त ट्रेलर ओढणारा लांबलचक ट्रक) बाजूने गेली, वाऱ्याचा धक्का बसला की ते डुलणं वाढत जातं.

डुलायला लागली तर: स्टिअरिंग सरळ धरा, उलटसुलट फिरवू नका. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळू काढा. गाडीचा ब्रेक जोरात दाबायचा नाही. डॅशबोर्डवरच्या ब्रेक कंट्रोलरचं हाताने चालवायचं बटण किंवा कळ दाबून फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक लावा. मागून ओढ बसली की ती सरळ होते. त्यासाठी ते बटण डोळे मिटून सापडलं पाहिजे, म्हणून घराजवळच्या मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगात ते दाबून बघा. मागून स्पष्ट ओढ जाणवली पाहिजे आणि चाकं जाम होता कामा नयेत. तेवढी ताकद कंट्रोलरवर ठरवून ठेवा.

सुगरणसई
अवांतर, पण चार मराठी माणसं म्हणजे महत्त्वाचं: बॉर्डर व्हिलेजला वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची क्वारंटाइन चौकी आहे, चोवीस तास चालू. ताजी फळं, भाज्या, मध, रोपं काही पुढे नेता येत नाही. कांदे-बटाटे, आलं, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, लिंबं, कढीपत्ता, सगळं तिथे टोपलीत जातं. कढीपत्त्याबद्दल तर ते फार दक्ष असतात, कारण तो लिंबाच्या कुळातला आणि लिंबूवर्गीय झाडांची कीड त्याच्यावर येते.

सेडूना ते चौकी ४८० किलोमीटर आहे. त्या दीड-दोन दिवसांत ताजं संपवा. शिजवलेल्या पदार्थांची अडचण येत नाही, म्हणून आदल्या मुक्कामी उरलेल्या कांद्या-बटाट्याची भाजी करून फ्रीजमध्ये ठेवा. पुढे नॉर्समनपर्यंत ७२५ किलोमीटर ताजी भाजी विकत मिळेल हे गृहीत धरू नका. पिठलं, भाजलेल्या रव्याचा उपमा, मेतकूट-भात, वाळवलेले कांद्याचे काप, भाजलेल्या दाण्यांचं कूट, डबाबंद टोमॅटो यांवर तीन दिवस आरामात निघतात. मोड येऊ शकतील अशी अख्खी कडधान्यं असतील तर न विचारताच आपणहून दाखवा. लपवलेल्या वस्तूला दंड आहे, दाखवलेल्या वस्तूला नाही.

टोळभैरव
चौकीच्या आधीच्या मुक्कामी कांदाभजी. सगळा कांदा कायदेशीररीत्या पोटात.

सुगरणसई
@टोळभैरव, आणि मिरच्याही तळून सोबत! तेल मात्र बेताने: कॅरॅव्हॅनच्या आत तळण करू नका, बाहेरच्या शेगडीवर वाऱ्याचा आडोसा करून. आगबंदीचा दिवस असेल तर तेही नाही.

पाणीदार
पाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. सेडूनात टाक्या पूर्ण भरा आणि पुढचं भरणं थेट नॉर्समनला असं समजा. मधल्या रोडहाऊसना स्वतःलाच गोड्या पाण्याची टंचाई असते. पंपावर नळी लावून टाकी भरू देतील ही अपेक्षा धरू नये. अंघोळीचं पाणी पैसे देऊन मिळतं, ते बहुतेकदा बोअरचं असतं, साबणाला फेस येत नाही.

याचं कारण जमिनीत आहे. नलारबॉर म्हणजे सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरचा चुनखडीचा एकसंध पट्टा. पाऊस पडला की पाणी भेगांतून सरळ खाली जातं, म्हणून एकही नदी नाही, आणि खाली साठतं ते खारट. १८४१ मध्ये एडवर्ड जॉन आयर आणि त्याचा आदिवासी सोबती वायली या किनाऱ्याने गेले तेव्हा स्थानिक लोकांनी दाखवलेल्या जागी वाळूच्या टेकड्यांमागे खणून मिळालेल्या पाण्यावर जगले. ही भूमी मिर्निंग लोकांची. त्यांना ती पाण्याची ठिकाणं पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती.

प्रमाण: पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला ५ लिटर, भांडी-हात-तोंडासाठी आणखी ५. चार माणसं, चार दिवस, म्हणजे १६० लिटर. पिण्याचं पाणी मात्र सगळं टाकीत ठेवू नका. टाकी खाली लटकलेली असते, दगड उडून नळी फुटली की कळतही नाही. १० लिटरचे चार कॅन आत, ॲक्सलच्या वर. कॅन घ्यायचेच असतील तर पाण्याचे घ्या.

मैलकुली
@वाऱ्यावरचीवरात, वाऱ्याचा मुद्दा मान्य. पण २२ लिटर धरूनही २०० किलोमीटरला ४४ लिटरच लागतात. अर्धी टाकी झाली की भरायची एवढा नेम पाळला की झालं.

रानजाई
सगळ्यांचे आभार, फारच उपयुक्त. @तराजू, वजनकाट्याचं नक्की करतो. टायरबद्दल एक विचारायचं होतं: लांब पल्ल्यात टायर तापून हवा वाढते, ती मधे मधे काढून टाकायची ना?

चाकोरी
नाही! तापलेल्या टायरची हवा कधीच काढू नका. टायर तापतो तो बहुतेक वेळा हवा कमी असल्यामुळे, बाजू जास्त वाकत राहते म्हणून. सकाळी थंड असताना मोजा. समजा ५० पीएसआय आहे. तासभर चालवून थांबल्यावर परत मोजा. ५४ च्या आसपास असेल तर ठीक. ५८–६० झालं तर सकाळची हवा कमी होती, उद्या थोडी जास्त भरा. ५१–५२ च असेल तर जास्त होती. टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडायची नाही. चाकाच्या तोंडाशी लावायचे दाबमापक सेन्सर घ्याच. दोन ॲक्सलच्या कॅरॅव्हॅनचा एक टायर बसला तर गाडीत काही जाणवत नाही. शेजारचा टायर दुप्पट भार घेऊन तोही फुटतो, आणि फुटलेल्या टायरच्या पट्ट्या खालची वायर आणि गॅसची नळी तोडून टाकतात.

टायर सहा-सात वर्षांहून जुना असेल तर नक्षी कितीही चांगली दिसो, बदला. बाजूवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं.

दुसरी जागा बेअरिंग. निघण्याआधी काढून, ग्रीस भरून, सील नवीन. एक पूर्ण संच आणि ग्रीस सोबत ठेवा, कारण तुमच्या मापाचं बेअरिंग कॉकलबिडीला मिळणार नाही. प्रत्येक थांब्याला चारही हबना हात लावा. तीन कोमट आणि एक चटका देणारं, तर तिथे बेअरिंग जातंय नाहीतर ब्रेक घासतोय. चाक काढून बसवलं असेल तर ५० किलोमीटरवर नट पुन्हा टॉर्क पान्याने बघा.

काळीपांढरी
रोड ट्रेनबद्दल. दोन ट्रेलरवाली साधारण ३६.५ मीटर लांब असते. मागून आली की घाबरून एकदम ब्रेक लावणं किंवा कडेच्या कच्च्यावर उतरणं, या दोन्ही चुका. वेगात चाललेल्या कॅरॅव्हॅनचं डावं चाक सैल खडीवर गेलं की बोरीबाभळींनी लिहिलेलं डुलणं तिथेच सुरू होतं.

यूएचएफ रेडिओ (गाड्यांनी आपसात बोलायचा) घ्या. ट्रकवाले ४० नंबरच्या चॅनलवर, कॅरॅव्हॅनवाले आपसात १८ वर, आणि ५ आणि ३५ फक्त संकटासाठी राखीव. कॅरॅव्हॅनच्या मागे "चॅनल ४०" अशी पट्टी लावा. रोड ट्रेन दिसली की "कॅरॅव्हॅन पुढे आहे, तुमच्यासाठी रस्ता मोकळा दिसला की सांगतो" एवढं बोललात तरी ड्रायव्हर खूश होतो. तुम्ही आहे त्या वेगात सरळ चालत राहा. ती पूर्ण उजव्या बाजूला आली की मग पाय थोडा सैल करा, म्हणजे तिला लवकर पुढे जाता येतं. शेवटचा ट्रेलर पुढे गेला की सांगा.

रस्त्यावर मधेच धावपट्टीसारखे पांढरे पट्टे रंगवलेले दिसतील. त्या खरोखरच फ्लाइंग डॉक्टरांच्या (विमानाने येणाऱ्या वैद्यकीय सेवेच्या) विमानासाठी आणीबाणीच्या धावपट्ट्या आहेत. तिथे फोटोसाठी गाडी उभी करू नये.

साठीचाप्रवासी
ज्येष्ठ मंडळी बरोबर आहेत म्हणून: रुग्णालय सेडूनात आणि नॉर्समनला आहे. मधल्या पट्ट्यात मोबाइल फक्त रोडहाऊसच्या आसपास लागतो. तेव्हा ४०६ मेगाहर्ट्झचा वैयक्तिक बीकन (संकटात उपग्रहामार्फत मदतीचा इशारा देणारं छोटं यंत्र) घ्या. त्याला मासिक वर्गणी नाही, पण नोंदणी करावी लागते. औषधं ठरल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त. इन्सुलिन असेल तर ते कॅरॅव्हॅनच्या फ्रीजमध्ये न ठेवता पुढे गाडीतल्या छोट्या फ्रीजमध्ये. कॅरॅव्हॅनचा फ्रीज चालताना गाडीच्या वायरवर असतो आणि कनेक्टर ढिला झाला तर संध्याकाळपर्यंत कळत नाही. गॅसवर चालणारा फ्रीज पंपावर शिरण्याआधी बंद.

ऑगस्टमध्ये रात्री तापमान शून्याजवळ उतरतं, त्यांच्यासाठी जाड दुलया हव्यात. उन्हाळ्यात मात्र या लोकांना नेऊच नका. १९ डिसेंबर २०१९ ला नलारबॉरला ४९.९ अंश नोंदले गेले होते.

खडीसाखर
एक शंका. नलारबॉर म्हणजे झाड नसलेलं असं वाचलं. मग फोटोंत इतकी झाडं कशी?

बोरीबाभळी
@खडीसाखर, छान प्रश्न. लॅटिनमध्ये नलस म्हणजे एकही नाही आणि आर्बर म्हणजे झाड. पण हायवे या मैदानाच्या दक्षिण कडेने जातो. खरा बिनझाडांचा भाग तुम्हाला नलारबॉर रोडहाऊसच्या आजूबाजूला थोडाच वेळ दिसतो, तिथे तशी पाटीही आहे. बाकी रस्ताभर मॅलीची झुडपं आणि क्षारात वाढणारी निळसर-करडी खुरटी झाडी. मैदानाचं पोट उत्तरेला, जिथून रेल्वे जाते. तिचा ४७८ किलोमीटरचा रूळ एकही वळण न घेता जातो. हायवेचा सरळ तुकडा कायगूना आणि बॅलडोनियाच्या मधला, १४६.६ किलोमीटर.

तो तुकडा सकाळी घ्या. दुपारी पश्चिमेला जाताना सूर्य नेमका समोर असतो आणि वळण नसल्याने झापड येते. दर दीड तासाला चालक बदला. संधिप्रकाशात चालवू नका: कांगारू, एमू, वॉम्बॅट, उंट. वॉम्बॅट बुटका असला तरी भरीव असतो, गाडीचं पुढचं सस्पेन्शन मोडतो.

वाऱ्यावरचीवरात
वेळेचं विसरू नका. साउथ ऑस्ट्रेलियाचं घड्याळ हिवाळ्यात वेस्टर्नच्या दीड तास पुढे. मधे बॉर्डर व्हिलेजपासून कायगूनापर्यंत लोक तिसरीच वेळ पाळतात, बरोब्बर मधली, पाऊण तास इकडे आणि पाऊण तास तिकडे. फोन ती वेळ दाखवेलच असं नाही. पंप रात्री बंद होतात, तेव्हा पोचायची वेळ तिथल्या घड्याळाने ठरवा. पश्चिमेला जाताना तुम्हाला दीड तास मिळतो. परतीला तो जातो आणि अंधार लवकर पडतो.

पाणीदार
थांबे: हेड ऑफ बाइट चुकवू नका. ऑगस्टमध्ये सदर्न राइट जातीच्या देवमाशांच्या माद्या पिल्लांसह अगदी किनाऱ्याजवळ असतात, लाकडी मार्गिकेवरून आजी-आजोबांनाही सहज दिसतात. पुढे बुंडाचे समुद्रकडे. अधिकृत सज्जांवरूनच बघा. चुनखडी खालून पोखरलेली असते आणि कड्याच्या टोकाशी पायाखाली किती जाडी आहे ते वरून दिसत नाही.

यूक्लाला १८७७ चं तारघर वाळूत गाडलं गेलंय. सशांनी टेकड्यांवरची झाडी खाऊन टाकली आणि वाळू मोकळी सुटली. कायगूनाच्या पश्चिमेला पाच किलोमीटरवर रस्त्याकाठी एक वाराविवर आहे: बाहेरचा हवेचा दाब उतरला की खालच्या गुहेतली हवा बाहेर पडते, चढला की आत ओढली जाते. बॅलडोनियाला १९७९ मध्ये कोसळलेल्या स्कायलॅब या अमेरिकी अवकाशस्थानकाचं छोटं प्रदर्शन आहे.

साठीचाप्रवासी
आणि मदुरा! १८७६ मध्ये वसलं ते ब्रिटिशांच्या भारतातल्या फौजेसाठी घोडे पैदा करायला. आजोबांना हे ऐकून नक्की मजा वाटेल. पश्चिमेला जाताना तिथेच सपाट किनारपट्टीवरून वर चढायचा घाट लागतो. लहान आहे, पण समोरून वारा आणि मागे २.७ टन, तेव्हा खालच्या गिअरमध्ये चढा आणि इंजिनाच्या तापमानाकडे लक्ष असू द्या.

तराजू
मूळ प्रश्न कॅनचा होता. मैलकुली एकही नको म्हणतात, मी वजनासाठी त्यांच्याच बाजूचा. पण एक गणित उरतं: एखादा पंप बंद निघाला तर? नंड्रू बंद असेल तर पेनाँग ते नलारबॉर २२३ किलोमीटर, काही बिघडत नाही. कायगूना बंद असेल तर कॉकलबिडी ते बॅलडोनिया २४७, वाऱ्यातही ५४ लिटर. पण बॅलडोनिया बंद असेल तर कायगूना ते नॉर्समन ३७४. २२ लिटरने ८२ लिटर लागतात आणि टाकी ८० ची आहे.

मैलकुली
हे मात्र खरं. तेवढ्या एका टप्प्यासाठी २० लिटरचा एक कॅन, तो सेडूनापासून वाहत नेण्याऐवजी कायगूनाला भरावा. त्याआधी कॉकलबिडीहून बॅलडोनियाला फोन करून डिझेल आहे का विचारा. असेल तर कॅन रिकामाच राहू द्या. आणि भरलेला कॅन कॅरॅव्हॅनच्या मागच्या बंपरवर नको, मागून धडक बसली तर पहिला तोच फुटतो. गाडीच्या छतावर पक्का बांधा.

रानजाई
ठरलं: एक रिकामा कॅन डिझेलला, चार भरलेले पाण्याचे. सेडूनानंतर पहिला मुक्काम नलारबॉर रोडहाऊस, दुसरा यूक्ला, तिसरा कायगूना, चौथा नॉर्समन. वजनकाट्याची वेळ पुढच्या शनिवारची घेतली आहे, आकडे इथे टाकतो. @सुगरणसई, घरात विचारणा झाली आहे की मेतकूट आणि गोडा मसाला चौकीवर चालेल का?

सुगरणसई
दोन्ही भाजून दळलेले, म्हणून अडचण यायला नको. तरी डब्यांवर इंग्रजीत नाव आणि घटक लिहून ठेवा, विचारलं की झाकण उघडून दाखवा. गोड्या मसाल्यासाठी आणलेले अख्खे धणे आणि तीळ राहिले असतील तर तेही त्याच पिशवीत वर ठेवा, खाली दडपू नका.